‘या वेळी नाही’ म्हणण्याची रीत
प्रस्तावना

३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जीएसटी परिषदेने करांचे टप्पे बदलल्याचे जाहीर केले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, मुख्यतः ५ आणि १८ उरले. नवे दर लागू व्हायचे होते २२ सप्टेंबरला, म्हणजे ऐन घटस्थापनेच्या दिवशी. सोलापुरात चादर-टॉवेलच्या पेढीपासून औषधाच्या दुकानापर्यंत जिथे जिथे संगणकावर बिल निघते, तिथे मधल्या दिवसांत एकच प्रश्न होता : “अपडेट कधी येणार?” मालक हा प्रश्न हिशेब लिहिणाऱ्याला विचारतो, तो सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याला विचारतो, आणि तो कंपनीकडे बघतो. सॉफ्टवेअर ओपन सोर्स असेल तर या साखळीच्या टोकाला कंपनी असेलच असे नाही. तिथे असतात काही माणसे, निरनिराळ्या गावांत आणि देशांत बसलेली, त्यांतली बरीचशी पगाराविना काम करणारी. त्यांना “शुक्रवारपर्यंत द्या” असे फर्मावण्याचा अधिकार कुणालाच नसतो. तरीही ठरल्या तारखेला वस्तू लोकांच्या हातात पडते. ती कशी पडते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

रिलीज म्हणजे काय, हे नव्या वाचकासाठी आधी साधेपणाने सांगतो. कोणत्याही जित्याजागत्या प्रकल्पाचा कोड रोज बदलत असतो. सकाळी उतरवून घेतलेला आणि संध्याकाळी उतरवून घेतलेला कोड एकच असेल याची खात्री नसते. त्या वाहत्या कोडची एक अवस्था निवडायची, तिची वेगळी शाखा काढायची, तिच्यात नवे काही घ्यायचे बंद करायचे (यालाच ‘फ्रीझ’ म्हणतात), सापडलेल्या चुका तेवढ्या दुरुस्त करायच्या, काय बदलले याची टिपणे लिहायची, मग क्रमांक द्यायचा, टॅग लावायचा, बिल्ड करायचे, त्यावर डिजिटल सही करायची आणि जाहीर करायचे : ही घ्या, हिच्यावर विसंबा. यातले एकही काम बुद्धीची कसोटी पाहणारे वाटत नाही. म्हणूनच संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात याला पान-दोन पानांपलीकडे जागा मिळत नाही, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त घाम इथेच फुटतो.

माझ्या मते या सगळ्या कामाचा गाभा एका नकारात आहे. कुणीतरी तीन महिने खपून एक सुविधा लिहिलेली असते. ती जवळजवळ पूर्ण झालेली असते. तिला ‘या वेळी नाही, पुढच्या आवृत्तीत’ असे सांगावे लागते. कंपनीत हे सांगायला साहेब असतो. ओपन सोर्समध्ये साहेब नसतो आणि लिहिणारा दुखावला तर तो उद्यापासून येणार नाही, एवढा साधा मामला असतो. त्यामुळे नकार माणसाने द्यायचा नाही. तो आधी ठरलेल्या तारखेने, नियमाने किंवा मतदानाने द्यायचा, म्हणजे त्याचा राग कोणा एकावर निघत नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत रिलीजच्या ज्या निरनिराळ्या पद्धती निघाल्या, त्या सगळ्या माणूस न तोडता नकार कसा द्यावा याची उत्तरे आहेत, असे मला वाटते. पुस्तकही याच अंगाने लिहिले आहे.

तारखेचा नकार सोलापूरकरांना नवा नाही. दाते पंचांग शंभराहून अधिक वर्षे याच गावातून निघते. गुढीपाडव्याला नवे पंचांग घरात हवे म्हणजे हवे. पाडवा कुणासाठी थांबत नाही. गणित, तपासणी, मुहूर्तांची पाने, छपाई, गावोगाव पाठवणी हे सगळे त्या एका दिवसापासून मागे मोजत बसवावे लागते, आणि जे वेळेत तपासून झाले नाही ते त्या वर्षी जात नाही. संगणकाचेही असेच एक पंचांग आहे. जगातल्या कोणत्या भागात घड्याळ कधी पुढे-मागे होते याची ही सारणी पॉल एगर्ट आणि त्यांचे सहकारी सांभाळतात. आपल्या मोबाइलपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत बहुतेक सगळे तिच्यावर चालतात. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने उन्हाळी वेळ लांबणीवर टाकण्याचा निर्णय अगदी ऐन वेळी घेतला. सारणीची ‘२०२३बी’ ही आवृत्ती तातडीने निघाली. मग देशात गदारोळ झाला, सरकारने निर्णय फिरवला आणि पाच दिवसांत ‘२०२३सी’ काढून आधीचा बदल पुसावा लागला. पाडव्याची तारीख निदान आधी ठाऊक असते. इथे तारीख दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होती.

आता थोडा इतिहास. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ च्या सप्टेंबरात लिनक्सची ०.०१ ही आवृत्ती इंटरनेटवर ठेवली तेव्हा रिलीजची रीत वगैरे काही नव्हती. झाले की टाकायचे. पुढे काही दिवस तर असे गेले की एका दिवसात एकाहून अधिक आवृत्त्या निघाल्या. एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये या सवयीचे तत्त्व केले : लवकर काढा, वारंवार काढा, म्हणजे चुका शोधायला पुष्कळ डोळे मिळतात. हे सूत्र फार गाजले. माझा त्याच्याशी अर्धा वाद आहे. ज्याला चुका शोधायच्या आहेत त्याला वारंवार आलेली आवृत्ती आवडते. ज्याला सकाळी दहाला दुकान उघडून पहिले बिल काढायचे आहे त्याला नाही.

दुसऱ्या टोकाला डेबियन हे लिनक्सचे वितरण उभे राहिले. १९९३ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाची १.० ही आवृत्ती कधी निघालीच नाही, त्याचा किस्सा मजेदार आहे. १९९५ च्या अखेरीस एका सीडी विक्रेत्याने अर्धवट अवस्थेतला कोड उचलून त्यावर ‘डेबियन १.०’ असा शिक्का मारला आणि विकला. गोंधळ टाळण्यासाठी प्रकल्पाने तो आकडाच सोडून दिला आणि १९९६ मध्ये १.१ काढली. क्रमांक देण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. डेबियनचे ब्रीद मात्र ठरून गेले : तयार होईल तेव्हा. ‘अनस्टेबल’, ‘टेस्टिंग’ आणि ‘स्टेबल’ अशा तीन पायऱ्या, आणि रिलीज अडवण्याइतकी गंभीर चूक शिल्लक असेतो स्टेबल निघणार नाही. परिणाम असा की जुलै २००२ च्या ‘वुडी’नंतर ‘सार्ज’ यायला जून २००५ उजाडला. मग २००६ मध्ये काही जणांनी पैसे जमवून रिलीज मॅनेजरांना काही काळ पूर्णवेळ काम करता यावे अशी सोय केली, आणि त्यावरून प्रकल्पात जे रण माजले ते वाचण्यासारखे आहे. हजार माणसे फुकट काम करतात तिथे दोघांनाच पैसे का? आवृत्ती वेळेवर निघाली नाहीच. डिसेंबरऐवजी पुढच्या एप्रिलमध्ये निघाली. पैसे टाकले की तारीख पाळली जाते, ही कारखान्यातली समजूत इथे लागू पडत नाही, एवढे त्यातून दिसले.

तारखेची शाळा ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपने रुजवली. २००२ मधल्या २.० नंतर त्यांनी दर सहा महिन्यांनी आवृत्ती काढायचे ठरवले, मग तीत जे बसेल ते बसेल. उबुंटू या वितरणाने ऑक्टोबर २००४ पासून तोच कित्ता गिरवला आणि आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष-महिना घातला. लिनक्स कर्नलनेही सम-विषम आकड्यांची जुनी पद्धत सोडली. आता तिथे दोन आठवडे नवे बदल घेतात, मग दर आठवड्याला चाचणी-आवृत्ती निघते, आणि नऊ-दहा आठवड्यांत पक्की आवृत्ती येते. याची गंमत लक्षात घ्यावी. वर्षातून एकदाच दार उघडत असेल तर आत शिरायला धक्काबुक्की होते आणि कच्चा माल घुसतो. दहा आठवड्यांनी पुन्हा उघडणार हे ठाऊक असेल तर ‘या वेळी नाही’ हे ऐकणाऱ्याला फारसे लागत नाही. मार्टिन मिख्लमायर यांनी केंब्रिज विद्यापीठात २००७ मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधात स्वयंसेवकांच्या प्रकल्पांतल्या रिलीजचाच अभ्यास केला आहे. या विषयात शिरणाऱ्याने तो वाचावाच.

तारीखवादीही अधूनमधून तारीख मोडतात. फेडोरा या वितरणाची १८ वी आवृत्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये यायची होती. इन्स्टॉलर नव्याने लिहायला घेतला होता, तो आवरेना, म्हणून ती जानेवारी २०१३ मध्ये आली. फेडोराकडे यासाठी ‘गो / नो-गो’ अशी बैठक असते. अडवणाऱ्या चुकांची यादी समोर ठेवायची आणि जायचे की थांबायचे ते ठरवायचे. अपाचेच्या प्रकल्पांत मतदान होते : किमान ७२ तास मुदत, किमान तीन अधिकृत होकार, आणि नकारांपेक्षा होकार जास्त. पायथनमध्ये प्रत्येक आवृत्तीला एक रिलीज मॅनेजर नेमतात आणि त्या आवृत्तीच्या दुरुस्त्यांचे शेवटपर्यंतचे ओझे त्याच्याच खांद्यावर असते. फायरफॉक्सने २०११ मध्ये सहा आठवड्यांची घाई स्वीकारली आणि पुढे ती चारांवर आणली. त्या वेगाने दमलेल्या संस्थांसाठी दीर्घ मुदतीची वेगळी आवृत्ती काढावी लागली. आर्चसारख्या वितरणांत तर आवृत्ती अशी नसतेच, अपडेट अखंड वाहत राहतात. आणि डोनाल्ड क्नुथ यांचा अक्षरजुळणीचा टेक्स या सगळ्यांपासून अलिप्त आहे. त्याचा क्रमांक दर दुरुस्तीला पायच्या किमतीकडे एक-एक अंक सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला.

एवढा आढावा कोणत्याही इंग्रजी पुस्तकात मिळेल. मराठीत लिहायला बसल्यावर मला जास्त ओढ लागली ती आपल्या आसपास घडलेल्या गोष्टींची, आणि त्यांतली सगळ्यात बोलकी पुण्याची आहे.

पोस्टग्रेस हा डेटाबेस आज जगभर चालतो. त्यात एखादी नोंद बदलली की जुनी ओळ तशीच ठेवून नवी ओळ लिहिली जाते, आणि प्रत्येक इंडेक्समध्येही नवी नोंद घालावी लागते. सतत बदलणाऱ्या तक्त्यांत यामुळे अडगळ साचे. पुण्यात एंटरप्राइझडीबीत काम करणाऱ्या पवन देवलसी यांनी यावर जो उपाय लिहिला तो ‘हॉट’ या नावाने ओळखला जातो : इंडेक्समधला रकाना बदललेला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल तर इंडेक्सला हातच लावायचा नाही, आणि जुन्या ओळीची जागा तिथल्या तिथे मोकळी करायची. काम मोठे आणि नाजूक होते. ८.३ या आवृत्तीत नवे काही घेणे १ एप्रिल २००७ पासून बंद व्हायचे होते. हॉटचा पॅच त्या तारखेला रांगेत होता, तपासून झालेला नव्हता. प्रकल्पातले जुनेजाणते टॉम लेन यांच्या बारकाईच्या तपासणीतून तो आत गेला सप्टेंबरात, आणि ८.३ निघाली फेब्रुवारी २००८ मध्ये. हॉटसारखी मोठी कामे फ्रीझनंतर तपासत बसल्याने मधले अर्धे वर्ष नव्या कामाला दार जवळपास बंद राहिले. आवृत्ती पॅचसाठी थांबली.

हे पुन्हा परवडणार नाही हे सगळ्यांना कळले. २००८ पासून ‘कमिटफेस्ट’ सुरू झाले : ठरावीक महिन्यांत इतर काम बाजूला ठेवून रांगेतले पॅच तपासायचे, प्रत्येकाला होकार, नकार किंवा ‘पुढच्या वेळी’ असे उत्तर द्यायचे. ज्याने पॅच पाठवला त्याने दुसऱ्याचाही एखादा तपासावा, अशी अपेक्षा असते. पुढे रिलीजसाठी छोटा स्वतंत्र गट नेमला जाऊ लागला.

आता त्याच देवलसींची दुसरी गोष्ट. ‘मर्ज’ नावाची आज्ञा पोस्टग्रेसमध्ये असावी ही जुनी मागणी होती. इतर मोठ्या डेटाबेसांत ती होती. पोस्टग्रेसचेच सायमन रिग्ज आणि देवलसी यांनी तिच्यावर काम केले. एप्रिल २०१८ च्या सुरुवातीला, अकराव्या आवृत्तीचे दार लागायला काही दिवस उरले असताना, रिग्ज यांनी तो कोड मुख्य शाखेत घातला. अनुभवी मंडळींनी रचनेवर आक्षेप घेतले : हे चालते, पण आतून असे बांधलेले पुढे जड जाईल. दहा-बारा दिवसांच्या आत रिग्ज यांनी स्वतःच तो मागे घेतला. आवृत्ती थांबली नाही. ती त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मर्जशिवाय निघाली. मर्ज आले पंधराव्या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२२ मध्ये, नव्याने बांधून, आणि रिलीजच्या टिपणांत रिग्ज आणि देवलसी यांची नावे आल्व्हारो हेरेरा आणि अमित लांगोटे यांच्याबरोबर छापलेली आहेत. दहा वर्षांत प्रकल्प काय शिकला ते या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळते. आधी आवृत्ती माणसासाठी थांबत होती, नंतर माणूस आवृत्तीसाठी थांबला, आणि टिकूनही राहिला. मला यातले दुसरे जास्त कठीण वाटते. चार वर्षे पडून राहिलेल्या कामाचे श्रेय नोंदीत नीट राहणे हाही रिलीजच्या रीतीचाच भाग आहे, हे आपल्याकडच्या अनेक संस्थांना शिकवायला हवे.

नेमकेपणाची हमी अशा प्रकल्पांनाही देता येत नाही. पोस्टग्रेसच्या दुरुस्ती-आवृत्त्या वर्षातून चार वेळा, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतात. १४ नोव्हेंबर २०२४ च्या दुरुस्तीने काही विस्तार मोडले, तेव्हा पुढच्याच गुरुवारी, वेळापत्रक बाजूला ठेवून, दुसरी आवृत्ती काढली गेली. चूक मान्य करून आठ दिवसांत ती निस्तरणे मला निर्दोषपणाच्या गप्पांपेक्षा भरवशाचे वाटते.

दुसरे उदाहरण आपल्या लिपीचे. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही रोजच्या भाषा आहेत, आणि तिन्ही लिप्या लिनक्सवर नीट दिसाव्यात यासाठी ज्या फाँटमालेने सुरुवातीला भार उचलला ती म्हणजे ‘लोहित’. तिचे मूळ फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले, म्हणजे आपल्या छापखान्यांत श्रीलिपी ज्यांची चालते त्यांनीच; रेड हॅटने ते २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली आणले आणि त्यांची पुढची देखभाल मुख्यतः रेड हॅटच्या पुण्याच्या गटाने केली. आता ‘ॲ’ या अक्षराचा प्रवास बघा. ॲप, ॲसिड, ॲडमिशन लिहायला लागणारे हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे दाखल झाले ते २००८ च्या ५.१ या आवृत्तीत. तोवर अ वर चंद्र जोडून वेळ मारून न्यायची, आणि पुष्कळ फाँटांत तो चंद्र ठिपक्यांच्या वर्तुळावर तरंगायचा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीच्या वर्णमालेत ते प्रमाण ठरले. पण शासन निर्णय निघाला म्हणून पडद्यावर अक्षर उमटत नाही. युनिकोडची आवृत्ती, मग फाँटची, अक्षरजुळणी करणाऱ्या लायब्ररीची, कळफलकाची, मग त्या सगळ्यांना एकत्र बांधणाऱ्या वितरणाची, आणि शेवटी सेतू केंद्रातल्या जुन्या संगणकावर ते अपडेट कुणीतरी बसवण्याची. एका अक्षराला एवढ्या रिलीजांतून जावे लागते, आणि यातली एक कडी जरी सहा महिने चुकली तरी अक्षर तेवढे उशिरा पोहोचते.

रुपयाच्या चिन्हाने हा प्रवास विक्रमी वेगाने केला. १५ जुलै २०१० ला मंत्रिमंडळाने आयआयटी मुंबईत शिकलेल्या उदय कुमार यांचे चिन्ह स्वीकारले आणि ऑक्टोबरात आलेल्या युनिकोड ६.० मध्ये ते होते. पण तेवढेही तीन महिने लोकांना धीर नव्हता. मंगळूरच्या एका कंपनीने कळफलकावरच्या क्वचित लागणाऱ्या एका चिन्हाच्या जागी रुपया बसवलेला फाँट काढला आणि तो धडाक्याने पसरला. ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला रुपयाऐवजी ते मूळ चिन्हच दिसे. श्रीलिपीत केलेली जुनी जाहिरात मेलवर पाठवली की पलीकडे काय दिसते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यावर वेगळे भाष्य नको. थांबायचे नाही म्हणून काढलेली पळवाट नंतर वर्षानुवर्षे निस्तरावी लागते.

भाषांतरकारांसाठी रिलीजच्या रीतीत एक खास तरतूद आहे, तिला ‘स्ट्रिंग फ्रीझ’ म्हणतात. त्या तारखेनंतर प्रोग्रॅमरने पडद्यावरचे एकही वाक्य बदलायचे नाही, म्हणजे जगभरच्या भाषांतरकारांना आपापले काम पुरे करायला काही आठवडे निवांत मिळतात. ग्नोममध्ये त्यानंतर वाक्य बदलायचे तर भाषांतर गटाची परवानगी मागावी लागते. इंग्रजी जाणणाऱ्या प्रोग्रॅमरने एका ‘सेव्ह’च्या बटणासाठी मराठी भाषांतरकाराकडे परवानगी मागावी, अशा जागा जगात फार नाहीत. ही तारीख पाळली नाही की काय होते तेही आपण पाहतो : अर्धा मेन्यू मराठीत, अर्धा इंग्रजीत, आणि वापरणारा शेवटी सगळेच इंग्रजीत करून टाकतो.

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे तिसरे उदाहरण, आणि सुरुवातीच्या प्रश्नाशी त्याचे थेट नाते आहे. हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारे हे सॉफ्टवेअर पूर्ण ओपन सोर्स आहे. नवे काम ‘डेव्हलप’ शाखेत चालते. चालू आवृत्तीच्या दुरुस्त्या वेगळ्या ‘हॉटफिक्स’ शाखेत जमतात आणि तिथून साधारण दर आठवड्याला पक्क्या शाखेत जातात. मोठी आवृत्ती मात्र बऱ्याच काळाने. ही रचना भारतीय करकायद्यापुढे अपुरी पडू लागली. ई-इन्व्हॉइस घ्या : ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या उलाढालीपासून सुरू झाले, मग १००, ५०, २०, १० असे उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आले. दर पायरीला नवे व्यापारी त्यात आले आणि दर पायरीची तारीख दिल्लीत ठरली. जर्मनीत किंवा केनियात तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला या अपडेटांशी काय देणेघेणे? म्हणून चौदाव्या आवृत्तीच्या सुमारास, २०२२ मध्ये, भारतापुरता करविषयक भाग ‘इंडिया कंप्लायन्स’ नावाच्या वेगळ्या ॲपमध्ये काढला गेला. त्याला स्वतःची गती मिळाली. कायदा ज्या वेगाने बदलतो तो भाग सुटा केला म्हणजे बाकीचा शांतपणे पिकू देता येतो. सप्टेंबर २०२५ सारखी १९ दिवसांची मुदत येते तेव्हा अशा विभागणीचे मोल समजते.

हे सगळे आत्ताच का वाचायचे, याचे उत्तर २०२४ च्या मार्चमध्ये मिळाले. एक्सझी ही फाइली आकसून ठेवणारी एक साधी लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रात असलेली. ती लासे कोलिन नावाचा एक माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला : रिलीज का निघत नाही, पॅच का पडून आहेत, जमत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा. त्याने आपली प्रकृती ठीक नसल्याचे आणि हे बिनपगारी काम असल्याचे सांगितले. शेवटी काही काळ मदत करत आलेल्या ‘जिआ तान’ या नावाकडे अधिकार गेले. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये त्याने ५.६.० आणि ५.६.१ काढल्या. चोरदरवाज्याचे सामान चाचणीच्या फाइलींच्या वेशात कोडच्या भांडारात ठेवले होते, पण ते जागे करणाऱ्या ओळी भांडारात नव्हत्या. त्या फक्त रिलीज म्हणून बांधलेल्या गठ्ठ्यात, टारबॉलमध्ये होत्या. कोड तपासणाऱ्याला काही दिसले नसते. विष रिलीजमध्ये होते. उबुंटूने फ्रीझच्या आत ही नवी आवृत्ती घ्यावी असा आग्रहही धरला गेला. पोस्टग्रेसचे अँड्रेस फ्रॉइंड काही मोजमापे घेत असताना त्यांना रिमोट लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असे दिसले, त्यांनी पिच्छा सोडला नाही, आणि २९ मार्चला बिंग फुटले. डेबियन, फेडोरा यांच्या चाचणीतल्या शाखांपर्यंत ती आवृत्ती पोहोचली होती. पक्क्या आवृत्त्यांत नव्हती. ज्या संथपणाला लोक नावे ठेवतात त्याने त्या दिवशी जगाचे सर्व्हर वाचवले.

त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या लायब्ररीची भानगड झाली तेव्हा दुरुस्तीची दुरुस्ती करत तीन आठवड्यांत चार आवृत्त्या काढाव्या लागल्या होत्या, त्याही सुट्टीच्या दिवसांत, मूठभर स्वयंसेवकांना. आता सरकारे जागी झाली आहेत. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागतील. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी कशी ठेवावी याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. सोलापुरातून युरोपला सॉफ्टवेअरची सेवा विकणाऱ्या चार माणसांच्या ऑफिसलाही उद्या विचारले जाईल : तुमच्या या आवृत्तीत काय काय आहे, ते कुठून आले, आणि कुणी सही केली?

पुस्तकाबद्दल थोडे. हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी, छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी आणि कोड न लिहिणाऱ्या पण सॉफ्टवेअरवर पोट असलेल्या लोकांसाठी लिहिले आहे. साधनांची यादी मी मुद्दाम आखूड ठेवली. गिटच्या आज्ञा कुठेही मिळतात आणि साधने दर दोन वर्षांनी बदलतात. त्याऐवजी निर्णय कसे होतात यावर भर आहे : फ्रीझ कधी लावावा, अडवणारी चूक कोणती म्हणावी, जुन्या आवृत्तीची देखभाल कधी थांबवावी, मागे घेतलेल्या कामाच्या माणसाशी कसे बोलावे. मोबाइल ॲपच्या दुकानांतली प्रसिद्धी आणि कंपन्यांतली दिवसाला शंभर वेळा होणारी तैनाती हे दोन्ही विषय सोडले आहेत. त्यांत नकार देणारा वेगळा असतो, आणि त्यांवर लिहायला वेगळी माणसे लागतील. शब्दांच्या बाबतीत सोवळे पाळलेले नाही. पॅच, बग, ब्रँच, रिलीज हे शब्द आपल्या तोंडात आहेत, तेच ठेवले.

एक तक्रार मी ऐकत आलो आहे, की असल्या जागतिक प्रकल्पांत सोलापूरच्या मुलाने शिरायचे कसे. पहिला कोड स्वीकारला जायलाच वर्ष जाते. कोडच्या दाराने खरेच वेळ लागतो. रिलीजच्या दाराशी मात्र कायम माणसे कमी असतात. बीटा आवृत्ती खऱ्या माहितीवर चालवून बघणारे, रिलीजच्या टिपणांतली चूक दाखवणारे, फ्रीझच्या आठवड्यांत भाषांतर तपासणारे, जुन्या आवृत्तीवरून नवीवर जाताना काय मोडते ते नीट लिहून कळवणारे. चादरीच्या कारखान्याचा दहा वर्षांचा साठा-हिशेब ही चाचणीसाठी अस्सल सामग्री आहे, अमेरिकेतल्या प्रोग्रॅमरला ती मिळणार नाही. नावे-आकडे झाकून ती वापरता येते. पुणे इथे २०११ आणि २०१५ मध्ये फेडोराची संमेलने भरली, सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा गट आहे. सोलापूरहून दोन्ही गावे फार दूर नाहीत.

कामाला लागायचे तर दिनदर्शिका अशी आहे. पोस्टग्रेसची नवी बीटा बहुधा मेमध्ये येते आणि पक्की आवृत्ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. ग्नोम मार्च आणि सप्टेंबरमध्ये, म्हणजे भाषांतरकारांचा हंगाम त्याच्या आधीचे काही आठवडे. फेडोराची बीटाही त्याच सुमारास. कर्नलची चाचणी-आवृत्ती बहुतेक दर रविवारी असतेच. पुस्तकाच्या शेवटी प्रत्येक प्रकल्पाला चूक कळवण्याचा नमुना दिला आहे : कोणती आवृत्ती, काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले. हे चार मुद्दे मराठीत आधी कच्चे लिहून मग इंग्रजीत पाठवले तरी चालतात.

सोलापूर